आरव्हीचा खरा हिशोब: धूर रस्त्यावर, घाण मुक्कामाला

माझ्या एका मित्राने कॅम्परव्हॅन घेतली आणि महिन्याभरात तिच्या छतावर दोन सोलर पॅनल बसवले, आतले सगळे दिवे एलईडी केले, प्लास्टिकचे डबे काढून स्टीलचे आणले आणि मग मोठ्या कौतुकाने म्हणाला की आता आपली ट्रिप एकदम ग्रीन. त्यानंतर तीन आठवड्यांत पठ्ठ्याने साडेचार हजार किलोमीटर गाडी हाणली. रोज नवा मुक्काम, रोज सकाळी पसारा आवरा आणि पळा. मी एवढंच विचारलं, बाबा रे डिझेल किती लागलं? तर म्हणे, ते नाही बघितलं.

मग तेच आधी बघूया, कारण आरव्ही (म्हणजे कॅम्परव्हॅन, मोटरहोम अशी आत राहता येणारी गाडी) म्हटलं की सगळे सोलर, बॅटरी, बांबूचे चमचे यावर बोलतात आणि टाकीतल्या तेलावर कुणी फारसं बोलत नाही.

समजा एक मध्यम साईझचं मोटरहोम आहे, 100 किमीला 14 लिटर डिझेल खातं, ट्रिप 20 दिवसांची आणि एकूण 3,000 किमी. झालं 420 लिटर. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो (इथे बऱ्याच जणांना वाटतं की चूक झालीये, लिटरभर डिझेलचं वजनच किलोच्या आत, मग धूर पावणेतीन किलोचा कसा? तर डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन स्वतःला चिकटवून घेतो, ते वजन त्या ऑक्सिजनचं). म्हणजे नुसत्या ड्रायव्हिंगचे अकराशे किलोच्या वर झाले. आता बाकीचं बघा. स्वयंपाकाला 20 दिवसांत समजा 5 किलो गॅस लागला, एक किलो प्रोपेन जळला की 3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून झाले 15 किलो. जनरेटर रोज दोन तास चालवला, तासाला अर्धा लिटर पेट्रोल धरलं तर 20 लिटर, पेट्रोलचा हिशोब लिटरला 2.3 किलो, म्हणजे 46 किलो. सगळं मिळून बाराशेच्या जवळपास आणि त्यातले शंभरातले 95 चाकं फिरवण्यात गेलेत.

म्हणजे सोलर लावून तुम्ही जनरेटर कायमचा बंद केला तरी या हिशोबातले वाचले 46 किलो. वाईट नाहीत, पण ट्रिप ग्रीन वगैरे काही झाली नाही. सोलर लावूच नका असं मी म्हणत नाहीये, त्याचे फायदे वेगळे आहेत, ते पुढे येतील, पण कार्बन कमी करायचा असेल तर हात घालायची जागा छत नाही, अ‍ॅक्सिलरेटर आहे.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 80 वरून 100 वर नेला म्हणजे वेग वाढला सव्वापट पण अडथळा वाढला दीडपटीच्याही वर. साध्या कारमध्ये हे इतकं टोचत नाही, तिचं नाक निमुळतं असतं, समोरून बघितलं तर सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास जागा अडवते. मोटरहोम म्हणजे उभं कपाट. सव्वादोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, म्हणजे सहा-सात चौरस मीटरची भिंत तुम्ही वाऱ्यात ढकलत नेताय, वर पुन्हा छतावर एसीचा डबा, सायकली, गुंडाळलेली ऑनिंग (दाराबाहेर ताणायचं सावलीचं कापड), सगळं वाऱ्याला आडवं. हायवेच्या वेगाला चाकांपर्यंत पोचलेल्या ताकदीतली अर्ध्याहून बरीच जास्त नुसती हवा बाजूला सारण्यात जाते.

आता 100 ऐवजी 85 ने चालवा. अडथळा 28 टक्क्यांनी उतरतो, डिझेल सावध अंदाजाने 15 टक्के तरी वाचतं, आपल्या हिशोबात 63 लिटर म्हणजे 170 किलो कार्बन डायऑक्साइड. गॅस आणि जनरेटर मिळून जेवढं झालं होतं (61 किलो) त्याच्या पावणेतीनपट, आणि खर्च शून्य, काही विकत घ्यायचं नाही, बसवायचं नाही. वेळ किती गेला? 3,000 किमीला 30 तास लागायचे तिथे 35 लागले, पाच तास जास्त, 20 दिवसांत वाटले तर रोजचे पंधरा मिनिटं. तेवढा वेळ तर सकाळी गाडीची चावी शोधण्यात जातो.

याच्याही वरचा उपाय म्हणजे किलोमीटरच कमी करा. 3,000 चे 2,000 केले की 380 किलोच्या आसपास एका झटक्यात गेले. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड, कारण आरव्ही घेतली की माणसाच्या अंगात येतं, आपलं घर आपल्याबरोबर आहे म्हटल्यावर जितकं फिरू तितकं वसूल. पण तुमच्याकडे घर आहे याचा अर्थ उलटाही निघतो ना, की कुठेही चार-पाच रात्री तळ ठोकून राहता येतं, हॉटेलसारखं रोजचं भाडं डोक्यावर नाचत नाही. एका ठिकाणी गाडी लावा आणि आजूबाजूचं पायी, सायकलने, मिळाली तर बसने बघा. सगळ्यात विनोदी प्रकार म्हणजे तीन टनांचं घर स्टार्ट करून दोन किलोमीटरवर ब्रेड आणायला जाणं, थंड इंजिन सुरुवातीच्या त्या थोड्या अंतरातच सगळ्यात जास्त तेल पितं.

वजनाचंही जाता जाता सांगते. पहिल्यांदा आम्ही मोटरहोम भाड्याने घेतलं तेव्हा देणाऱ्या माणसाने गोड्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून दिली होती आणि आम्हाला ते बरंच वाटलं. चार दिवस आम्ही 100 लिटर पाणी घेऊन फिरलो, रोज मुक्कामाला नळ होता तिथून पुन्हा भरायचो, आणि बेसिन-शॉवरचं सांडपाणी साठवायची टाकी मात्र रिकामी करायची असते हे कुणाच्या लक्षातच नाही, तीही भरत आलेली. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे जवळपास दोनशे किलो पाणी, अडीच-तीन माणसं विनाकारण घाट चढत होती. सपाट हायवेवर एकसारख्या वेगाने वजनाचा इतका फरक पडत नाही, पण चढाला आणि थांबत-थांबत जाताना पडतो. निघताना पंचवीस-तीस लिटर ठेवा, बाकी मुक्कामाजवळ भरा, आणि सांडपाणी आधी काढा.

टायरमधली हवा निघायच्या आधी, टायर थंड असताना बघा. चारही टायरमध्ये सरासरी 1 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी असेल तर मायलेज 0.2 टक्के घसरतं असा कारचा ठोकताळा आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आरव्ही महिनोन्महिने उभी असते आणि हवा 10-15 पीएसआयने सहज उतरलेली असते, वर भरलेल्या गाडीत मऊ टायर तापून फुटायची भीती वेगळीच.

आता मुक्कामाचं.

सोलरचा फायदा कार्बनमध्ये छोटा असला तरी जनरेटरचा आवाज आणि वास बंद होतो, आणि रात्री साडेनऊला शेजारच्या गाडीचा जनरेटर सुरू असताना जंगलाची शांतता अनुभवलेल्या कुणालाही ह्याची किंमत समजावून सांगायला नको. पण किती पॅनल लागतील हे विचारण्याआधी किती वीज लागते ते मोजा. 200 वॅटचं पॅनल, दिवसाला साधारण पाच तास कडक ऊन धरलं तर कागदावर 1,000 वॅट-तास, उष्णता, वायरी, सपाट ठेवलेलं पॅनल असं सगळं वजा जाता हातात 700-750. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण चारशे-पाचशे खातो. दिवे, पंखा, फोन, पाण्याचा पंप उरलेल्यात बसतात. छतावरचा एसी मात्र हजार-दीड हजार वॅट ओढतो, एक रात्र म्हणजे सहा-सात तास चालवला तर अशा आठ ते चौदा पॅनलची दिवसभराची कमाई गेली. म्हणून ज्यांना सोलरवर एसी चालवायचाय त्यांचं गणित तिथेच अडकतं.

आणि सावली. ही गोष्ट मी स्वतः शिकले आणि चांगलीच शिकले. दुपारी गाडी अशी लावली की छताचा जवळजवळ सगळा भाग उन्हात, फक्त एका फांदीची हातभर सावली पॅनलवर. वाटलं दहा टक्के कमी येईल. मीटर बघितला तर निम्म्याच्या खाली. कारण पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, जसं बागेतल्या पाईपवर एका ठिकाणी पाय दिला की पुढचं सगळं पाणी अडतं तसं एक सेल झाकला की त्या रांगेतला करंट अडतो. बायपास डायोड नावाचा पार्ट असतो, तो झाकलेला भाग वगळून बाकीच्यांना वाट करून देतो, पण तेवढा तुकडा जातोच. म्हणून शक्य असेल तर एक पॅनल सुटं, लांब वायरीचं ठेवा, गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात. गाडी गार राहिली की फ्रीजही कमी चालतो, तो दुहेरी फायदा.

बॅटरीत जुन्या लेड-अ‍ॅसिडचा अर्धाच साठा वापरायचा असतो, त्याखाली सारखी उतरवली तर ती लवकर मरते, काहीशे सायकलमध्ये (एकदा भरून उतरवली की एक सायकल) संपते. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळपास सगळी वापरता येते, हजारो सायकल टिकते आणि वजनाला निम्मी. महाग आहे, पण दर दोन-तीन वर्षांनी शिशाचं धूड बदलत बसण्यापेक्षा मला ते पटतं.

फ्रीजवर अजून एक, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये तो गॅसवर चालणारा असतो आणि लोकांना जादूच वाटते की जाळ करून थंड कसं होतं. त्यात कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेने अमोनिया पाण्यातून बाहेर काढायचा आणि पुन्हा पाण्यात शोषून घ्यायचा, या फेऱ्यात आतली उष्णता बाहेर येते. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली, हलता भागच नसल्यामुळे आवाज शून्य. पण वीज देऊन तोच चालवला तर कॉम्प्रेसर फ्रीजच्या कितीतरी पट वीज खातो, शंभरहून जास्त वॅट सलग. इंजिन बंद करून तो बारा व्होल्टवर तसाच राहिला की संध्याकाळपर्यंत बॅटरी झोपली म्हणून समजा.

गारवा आणि ऊब याबाबत एकच सूत्र, हवा नाही माणूस सांभाळा. उन्हाळ्यात काचेला पडदा बाहेरून लावा, आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, मग तो पडदाच तापून हीटर होतो. छत पांढरं असेल तर फारच बरं, आणि छतातला पंखा तीस-चाळीस वॅटमध्ये रात्र काढून देतो. थंडीत पूर्ण गाडी 22 अंशाला ठेवण्यापेक्षा अंथरुणात पन्नास वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि काचांवर जाड इन्सुलेशन, बास. खिडकी मात्र बोटभर उघडी, श्वासाची वाफ भिंतीत मुरली की गाडी आतून कुजते आणि गॅस पेटवला असेल तर तो जिवाचा प्रश्न.

आता घाण. कार्बनच्या हिशोबात हिची किंमत जवळपास शून्य आणि तरीही मला विचाराल तर आरव्हीवाल्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा इथेच होतो, कारण कार्बन सगळ्या जगात पसरतो पण ही घाण त्याच ओढ्यात, त्याच झाडाखाली राहते जे बघायला आपण आलो होतो.

दोन प्रकारचं पाणी असतं. बेसिन-शॉवरचं ते ग्रे वॉटर, टॉयलेटचं ते ब्लॅक वॉटर. ग्रे वॉटर साधंच तर आहे म्हणून व्हॉल्व्ह उघडून जमिनीवर सोडणारे भरपूर. त्यात तेल असतं, अन्नाचे कण असतात, साबण असतो, प्राण्यांना वास लागतो आणि ते कॅम्पसाईटवर यायला शिकतात. बायोडिग्रेडेबल साबण आहे हो आमचा, हे उत्तर ठरलेलं. तो साबण मातीतल्या जिवाणूंनी फुटतो, वाहत्या पाण्यात नाही, म्हणून बाहेर धुवायचंच असेल तर ओढ्या-तळ्यापासून किमान 60 मीटर लांब धुवा, लीव्ह नो ट्रेस या संस्थेचा 200 फुटांचा नियम आहे तो हाच. भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, निम्मी घाण तिथेच मिटते. आणि शॉवर, साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, अंग ओलं करा, बंद करा, साबण लावा, पुन्हा उघडा, पाच-सहा लिटरमध्ये माणूस स्वच्छ.

ब्लॅक टाकीत वास मारायला जे निळं-हिरवं लिक्विड ओततात त्याच्या मागचं लेबल वाचा. फॉर्मल्डिहाइड असेल तर घेऊ नका. तो वास मारतो कारण तो जिवाणूच मारतो, आणि तुमची टाकी जिथे रिकामी होते तिथला सेप्टिक टँक चालतो जिवाणूंवरच. आरव्हीचं मैलापाणी आधीच घरापेक्षा घट्ट, कारण फ्लशला पाणी कमी, त्यात हे विष, लहान कॅम्पसाईटचा सेप्टिक टँक पार बसतो. कॅलिफोर्नियात असल्या रसायनांवर कायद्यानेच बंदी आहे. एन्झाइम किंवा जिवाणूंवर चालणारं लिक्विड मिळतं, ते घ्या.

नवशिक्यांची एक ठरलेली चूक इथेच सांगून ठेवते, जेवताना वाचत असाल तर हा पॅरा उडी मारा. कॅम्पसाईटला पाईप जोडला की ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, आपोआप जाईल म्हणून. जातं ते फक्त पाणी. घट्ट भाग तळाशी ढिगारा करून बसतो, वाळतो, आणि मग तो काढायला ढिगाने पाणी आणि केमिकल लागतं. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन तृतीयांश भरली की उघडायचा, आणि ग्रे टाकी नेहमी त्याच्यानंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप आपसूक धुतला जातो. ज्यांना हे नकोच त्यांच्यासाठी सुकं टॉयलेट असतं ज्यात लघवी वेगळ्या डब्यात जाते. सगळा वास खरं तर दोन्ही एकत्र झाल्यावर येतो. त्याला लोक कंपोस्ट टॉयलेट म्हणतात पण आठवड्याभरात काही कंपोस्ट होत नसतं, ते फक्त कोरडं झालेलं असतं, म्हणून झुडपात ओतायचं नाही.

आणि जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. एवढ्या साध्या गोष्टीचं काय, असं वाटेल. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा आशियातला हिरवा भुंगा 2002 मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला, तो स्वतः उडून वर्षाला थोडंफार अंतर जातो, पण कॅम्पिंगच्या सरपणात लपून शेकडो किलोमीटर गेला आणि अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं वाळली. लाकूड जिथे जाळायचं तिथलंच घ्या.

मग इलेक्ट्रिक आरव्हीचं काय, हा प्रश्न येतोच. विनेबागो या अमेरिकन आरव्ही कंपनीने 2022 मध्ये इलेक्ट्रिक व्हॅन दाखवली होती, 86 किलोवॅट-तासाची बॅटरी आणि रेंज साधारण 200 किमी. कारण तेच, उभ्या कपाटासारखा आकार. इलेक्ट्रिक गाडीमागे कॅरॅव्हॅन (मागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढली तरी रेंज निम्म्यावर येते. उलट उदाहरण आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांचं, त्यांनी 2021 मध्ये स्टेला व्हिटा नावाची सोलर कॅम्परव्हॅन बनवली आणि नेदरलँड्सहून स्पेनच्या दक्षिण टोकाला टारिफाला नेली. बॅटरी विनेबागोपेक्षा लहान, 60 किलोवॅट-तास, आणि चांगल्या उन्हात रेंज 730 किमीपर्यंत. मुक्कामाला छत वर उचललं की पॅनल दोन्हीकडे पसरून दुप्पट होतात, साडेसतरा चौरस मीटर. लोक पॅनल बघून वाहवा करतात, मला मात्र तिचं वजन जास्त आवडलं, 1,700 किलो, आणि पाण्याच्या थेंबासारखा आकार. अडथळाच इतका कमी केला की थोडी वीज पुरली.

ती बाजारात मिळत नाही, त्यामुळे तुमची चालती जुनी गाडी विकून नवी घ्यायची घाई करू नका, नवी बनतानाही लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, बॅटरी यांचा कार्बन लागतोच. आणि वर्षातले वीसच दिवस फिरणार असाल तर विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या, एक गाडी दहा कुटुंबांनी वापरली तर नऊ बनवाव्या लागत नाहीत.

त्या मित्राने पुढच्या खेपेला वही ठेवली. 1,700 किलोमीटर, चार मुक्काम, 210 लिटर. फोटो पाठवला, खुर्ची टाकून निवांत बसलाय, आणि दोन्ही सोलर पॅनल झाडाच्या गर्द सावलीत.